एडिशनची प्रतिष्ठा आणि दुसरे यंत्र

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखादी नागरी पतसंस्था, एखादा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना किंवा एखादे महाविद्यालय आपले तीसचाळीस संगणक एका शिस्तीखाली आणावयाचे ठरवते, तेव्हा संचालक मंडळापुढे जी तीन दरपत्रके येतात, त्यांत यंत्राच्या किमतीखालोखाल सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा अशा एका वस्तूपुढे मांडलेला असतो की जी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि जिच्याविषयी उलट प्रश्न विचारण्याचा धीर सभेत बहुधा कोणालाच होत नाही. ती वस्तू म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना. एका दरपत्रकात ‘विंडोज सर्व्हर स्टँडर्ड’ असे असते, दुसऱ्यात ‘विंडोज सर्व्हर डेटासेंटर’ असे, आणि तिसऱ्यात नुसतेच ‘विंडोज सर्व्हर’. म्हणजे वर्णन मोघम, रक्कम तेवढी नेमकी. चेअरमन विचारतात, ‘‘यातलं चांगलं कोणतं?’’ पुरवठादार सांगतो, ‘‘साहेब, डेटासेंटर सगळ्यात वरचं. पुन्हा बघायलाच नको.’’ संस्थेची इभ्रत, सभासदांच्या ठेवी आणि उद्याची वाढ या तिन्हींचा उल्लेख होऊन ठराव मंजूर होतो, आणि सर्वांत भारी परवान्याचे ते एकटे यंत्र, खाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि वर जुन्या खतावण्यांची फळी अशा बेचक्यात, रेकॉर्डच्या खोलीत नेऊन बसवले जाते.

या ठरावाला आमची हरकत आहे, आणि ती केवळ काटकसरीपोटी नाही. सर्व संगणकांना एका शिस्तीखाली ठेवणारे हे यंत्र म्हणजे डोमेन कंट्रोलर, आणि त्याच्या बाबतीत स्टँडर्ड की डेटासेंटर हा एडिशनचा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. तो जितका वेळ आणि जितका पैसा खातो, तितकाच वेळ आणि पैसा या यंत्राच्या खऱ्या गरजेपासून, म्हणजे त्याला एक जोडीदार असण्याच्या गरजेपासून, हिरावला जातो, असे आमचे म्हणणे आहे.

या यंत्राचे काम तरी काय आहे, ते आधी पाहू. सकाळी दहाच्या सुमारास रोखपाल बाई आपल्या संगणकापुढे बसून नाव आणि पासवर्ड घालतात. त्यांचा संगणक प्रथम डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारतो की या डोमेनचा कंट्रोलर कोठे आहे. आणि लहान संस्थांत डीएनएसचे कामही बहुधा त्या कंट्रोलरकडेच सोपवलेले असल्यामुळे, एका अर्थी, तो ज्याला शोधतो त्यालाच त्याचा ठावठिकाणा विचारतो. पत्ता मिळाल्यावर केर्बेरॉस नावाच्या पद्धतीने ओळख पटवली जाते. या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जात नाही, त्यापासून केलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेली वेळेची नोंद तेवढी जाते, आणि म्हणूनच दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक तफावत पडली तर पासवर्ड अचूक असूनही प्रवेश नाकारला जातो. ओळख पटली की बाईंना एक तिकीट मिळते. नेहमीच्या मांडणीत त्याची मुदत दहा तासांची असते, आणि त्या तिकिटाच्या आधारावर त्या दिवसभर फाइल सर्व्हरकडे, प्रिंटरकडे, हिशेबाच्या प्रणालीकडे प्रवेश मागू शकतात. कोणी कोणती फाइल पाहावी, कोणाच्या संगणकात पेनड्राइव्ह चालू नये, पासवर्ड किती लांब असावा, याविषयीचे हुकूमही हाच कंट्रोलर सर्व संगणकांपर्यंत पोहोचवतो.

हे काम अधिकाराच्या दृष्टीने मोठे आणि श्रमाच्या दृष्टीने अतिशय हलके आहे, आणि सारा गोंधळ या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतो. शंभर माणसांच्या संस्थेची सगळी नोंदवही, नावे, गट, संगणक, अधिकार यांच्यासह, काही दशक मेगाबाइटांत मावते. आजच्या अगदी बेताच्या सर्व्हरच्या मेमरीत ती संपूर्ण बसते आणि दिवसातला बराचसा वेळ त्या सर्व्हरचा प्रोसेसर स्वस्थ बसून असतो. ज्याच्या शब्दावर सर्वांची उठबस चालते तो अधिकारी सर्वांत बलदंडही असला पाहिजे, हा समज दरबारी आहे. डोमेन कंट्रोलरला बळ लागत नाही, उपस्थिती लागते.

मग एडिशनची ही प्रतिष्ठा आली कोठून? ती निखालस खोटी नव्हती, एवढे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सर्व्हरबरोबर ही नोंदवही सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली, आणि २००३ च्या सर्व्हरमध्ये वेब, स्टँडर्ड, एंटरप्राइज आणि डेटासेंटर अशी चार एडिशने स्पष्टपणे समोर उभी राहिली, तेव्हा त्यांच्यातील फरक केवळ किमतीचा नव्हता. वेब एडिशनला डोमेन कंट्रोलर होण्याची मुभाच नव्हती. बत्तीस बिटांच्या स्टँडर्डला चार गिगाबाइटांपलीकडे मेमरी वापरता येत नसे, त्यामुळे ज्या संस्थेची नोंदवही लाखो नावांची असेल तिला ती संपूर्णपणे मेमरीत ठेवण्यासाठी वरच्या एडिशनची पायरी चढणे भाग होते. स्वतःच्या संस्थेपुरती प्रमाणपत्रे देणारी यंत्रणा तिच्या नव्या साच्यांसह चालवायची, किंवा एक यंत्र पडताच दुसऱ्याने त्याचे काम उचलावे अशी क्लस्टरची योजना करायची, तर एंटरप्राइजशिवाय गत्यंतर नसे. त्या काळात मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यालयांत ज्यांनी उमेदवारी केली त्यांनी ‘डोमेन कंट्रोलर म्हटला की एंटरप्राइज’ हा धडा गिरवला. पुढे ते किंवा त्यांचे शिष्य जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी सल्लागार म्हणून आले, आणि धडा जशाचा तसा बरोबर आला.

तो धडा ज्या परिस्थितीतून निर्माण झाला होता ती परिस्थिती मात्र २०१२ साली संपली. त्या वर्षीच्या सर्व्हरमधून एंटरप्राइज हे एडिशनच काढून टाकण्यात आले. स्टँडर्ड आणि डेटासेंटर यांची अंगभूत कर्तबगारी सारखी करण्यात आली. आणि दोहोंत फरक उरला तो इतकाच की एका यंत्रावर किती आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली, यंत्रे चालवण्याची परवानगी आहे. स्टँडर्डच्या एका परवान्यावर दोन, डेटासेंटरच्या परवान्यावर वाटेल तितकी. २०१६ पासून डेटासेंटरच्या पदरात पुन्हा काही खास गोष्टी पडल्या, हे खरे: अनेक सर्व्हरांच्या डिस्का मिळून एकच साठा उभारणे, नेटवर्कची सारी मांडणी सॉफ्टवेअरने करणे, आभासी यंत्रांना त्यांच्या यजमानापासूनही सुरक्षित ठेवणे. परंतु यांपैकी एकाही गोष्टीला डोमेन कंट्रोलर आपल्या नित्याच्या कामात हात लावत नाही. रोखपाल बाईंना तिकीट देताना स्टँडर्डवरचा कंट्रोलर जे करतो, अक्षरशः तेच डेटासेंटरवरचा करतो. सही तीच, शिक्काही तोच.

आता हिशेब मांडू. २०२२ च्या सर्व्हरची, सोळा कोअरच्या परवान्याची, विंडोज बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेली किंमत स्टँडर्डसाठी १,०६९ डॉलर आणि डेटासेंटरसाठी ६,१५५ डॉलर होती. विक्रेत्यागणिक आणि सवलतीगणिक प्रत्यक्ष दर बदलतात, पण प्रमाणाचा अंदाज येण्यास हे आकडे पुरेसे आहेत. एकाच यंत्रावर दोनाऐवजी चार आभासी यंत्रे हवी असतील तर स्टँडर्डचाच परवाना दुसऱ्यांदा घेता येतो, सहा हवी असतील तर तिसऱ्यांदा. आणि ही बेरीज पाच परवाने व दहा आभासी यंत्रे येथपर्यंत ५,३४५ डॉलरांत राहते, म्हणजे डेटासेंटरपेक्षा स्वस्त. सहाव्या परवान्याला मात्र ती ६,४१४ वर जाऊन डेटासेंटरला ओलांडते. तेव्हा ज्या संस्थेला एका यंत्रावर अकराबारा किंवा त्याहून अधिक आभासी सर्व्हर चालवायचे आहेत तिने डेटासेंटर खुशाल घ्यावे. तिचा तो निर्णय व्यवहारी आहे आणि त्यावर आमचे काही म्हणणे नाही. पाचोऱ्याच्या पतसंस्थेत मात्र एक डोमेन कंट्रोलर, एक फाइल सर्व्हर आणि फार तर एक हिशेबाचा सर्व्हर यापलीकडे यादी क्वचितच जाते. तिने स्टँडर्डचे दोन परवाने घेतले तर २,१३८ डॉलरांत, म्हणजे एका डेटासेंटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शात, दोन स्वतंत्र यंत्रांवर मिळून चार आभासी सर्व्हर उभे राहतात. उरलेल्या रकमेत दुसरे यंत्रही येते आणि दोन्ही यंत्रांना पुरेल असा यूपीएससुद्धा. वापरणाऱ्यांसाठी जे वेगळे कॅल परवाने घ्यावे लागतात ते दोन्ही एडिशनांत घ्यावेच लागतात, हे दरपत्रक वाचताना विसरू नये. डेटासेंटर घेतल्याने ते माफ होत नाहीत, आणि पुष्कळ दरपत्रकांत त्यांची ओळच नसते.

येथे उद्याच्या तरतुदीचा युक्तिवाद पुढे येतो, आणि तो खोडून काढण्यापूर्वी नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण पाचोऱ्याच्या माणसाच्या मनात त्याला एक जुना आधार आहे. १९१८-१९ च्या सुमारास पाचोरा ते जामनेर अशी छप्पन किलोमीटरांची अडीच फुटी रेल्वे सुरू झाली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करीत माणसांची आणि मालाची ने-आण करणारी ही ‘पीजे’ शंभर वर्षे धावली आणि २०२० साली थांबली. आता तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर व्हावयाचे आहे. मूळच्या लोकांनी पहिल्याच दिवशी रुंद रूळ टाकले असते तर आज हा खटाटोप वाचला नसता का, असे विचारणारी मंडळी गावात आहेत, आणि सर्व्हरच्या खरेदीतही तीच माणसे ‘एकदाच काय ते मोठे घ्या’ असे म्हणतात. रुळांच्या बाबतीत या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, कारण रुळाची रुंदी बदलायची तर जुना रूळ उखडावा लागतो आणि मधल्या काळात गाडी बंद राहते. डोमेन कंट्रोलरचे नेमके उलट आहे. सर्व सर्व्हरांमध्ये ज्याचा वारसा चालवणे सर्वांत सोपे असा हाच एक सर्व्हर आहे: शेजारी नवे यंत्र उभे करावे, त्याला त्याच डोमेनचा कंट्रोलर म्हणून नेमावे, सारी नोंदवही आपोआप त्याच्याकडे उतरते, पाच विशेष जबाबदाऱ्या त्याच्याकडे वर्ग कराव्यात आणि जुन्या यंत्राला रीतसर निवृत्त करावे. दुपारच्या वेळी, काउंटर चालू असताना, हे होऊ शकते. ज्या वस्तूची बदली इतकी सुकर आहे तिच्यासाठी दहा वर्षांची तरतूद आज करून ठेवण्यात दूरदृष्टी नाही. शिवाय एडिशन कितीही भारी घेतले तरी त्याचे आयुष्य वाढत नाही: २०१२ आर२ या सर्व्हरची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ रोजी बंद झाली ती स्टँडर्डसाठी आणि डेटासेंटरसाठी एकाच दिवशी.

दुसऱ्या यंत्राविषयी आम्ही इतके आग्रही का, ते एकटा कंट्रोलर बंद पडलेल्या सकाळी उमगते. गंमत अशी की प्रथम काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. ज्या संगणकावर ज्याने पूर्वी प्रवेश केलेला आहे त्याला तो संगणक आपल्या आठवणीतल्या नोंदीवरून आत घेतो, आणि शिपायापासून मॅनेजरपर्यंत सर्व जण समजतात की सर्व काही सुरळीत आहे. मग शाखेतून बदलून आलेला नवा लेखनिक बसतो, त्याला प्रवेश मिळत नाही. मग फाइल सर्व्हरची नावे सापडेनाशी होतात, कारण डीएनएस त्याच यंत्रात अडकलेले. मग मुद्रण थांबते. आणि जळगावहून माणूस येईपर्यंत काउंटरपुढची रांग दारापर्यंत जाते. खानदेशातील मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, बंद खोलीतल्या यंत्राने मान टाकणे ही काही दैवी आपत्ती नव्हे. अशा वेळी दोन कंट्रोलर असले तर पहिला गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र ते दोन्ही एकाच यंत्राच्या पोटात दोन आभासी सर्व्हर म्हणून ठेवू नयेत; तसे केल्यास कागदावर दोन आणि संकटसमयी एकही नाही अशी स्थिती होते. भडगावच्या किंवा नगरदेवळ्याच्या शाखेत, जेथे खोलीला धड कुलूप नाही, तेथे कंट्रोलर ठेवायचाच झाला तर २००८ पासून उपलब्ध असलेला केवळ-वाचनीय कंट्रोलर ठेवावा. तो चोरीस गेला तरी ज्यांचे पासवर्ड त्याच्याकडे मुद्दाम साठवू दिले तेवढ्यांचेच बदलावे लागतात.

भारी एडिशनच्या समर्थनार्थ रिझर्व्ह बँकेचेही नाव घेतले जाते. तिने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर करून ती वाढवली. ‘आरबीआयला दाखवायला’ भारी एडिशन लागते असे सांगणारे पुरवठादार आहेत. त्या चौकटीचा रोख कर्मचाऱ्यांच्या संगणकावर प्रशासकीय अधिकार नसावेत, प्रत्येकाला गरजेपुरताच प्रवेश असावा, पासवर्ड पक्के असावेत, अशा गोष्टींवर आहे. आणि या सर्व गोष्टी डोमेन कंट्रोलर स्टँडर्डवरही तितक्याच काटेकोरपणे करतो.

स्टँडर्ड आणि डेटासेंटर यांखेरीज तिसरी वाट ‘इसेन्शियल्स’ या एडिशनची. ती स्वस्त आहे आणि तिला वेगळे कॅल परवाने लागत नाहीत, परंतु तिची मर्यादा पंचवीस माणसांची. चौदा माणसांच्या दुकानाला ती शोभते, वाढत्या पतसंस्थेला नाही. चौथी वाट, जिच्याविषयी दरपत्रकात लिहिलेले नसते पण जी सर्रास वापरली जाते, ती म्हणजे कंपनीने १८० दिवसांच्या चाचणीसाठी फुकट दिलेली प्रत बसवून ‘परवाना नंतर टाकू’ असे सांगणे. सामान्य सर्व्हरवर चाचणीची प्रत पुढे पक्की करता येते. पण तिच्यावर डोमेन कंट्रोलर बसवला असेल तर ती तशीच्या तशी पक्की करता येत नाही, आधी दुसरा कंट्रोलर उभा करून पहिल्याला पदच्युत करावे लागते. मुदत संपली की सर्व्हर तासातासाने स्वतःला बंद करून घेऊ लागतो, आणि संस्थेला वाटते यंत्र बिघडले.

साम्बाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास आरंभलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरच्या चौथ्या पिढीने डिसेंबर २०१२ पासून लिनक्सवर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा कंट्रोलर चालवून दाखवला आहे, आणि त्याला परवान्याचा एक पैसाही पडत नाही. तात्त्विकदृष्ट्या आमचा कल तिकडे आहे. पण पाचोऱ्यात बिघाड झाल्यावर तासाभरात येऊन ते दुरुस्त करू शकेल असा माणूस हाताशी असेल तरच. फुकटच्या व्यवस्थेला जाणता माणूस लागतो, आणि त्याचा पगार फुकट नसतो. ज्या महाविद्यालयात संगणकशास्त्राचे शिक्षक स्वतः त्यात रमणारे आहेत त्याने ही वाट जरूर धरावी.

दुसऱ्या यंत्राची इतकी तरफदारी केल्यानंतर त्याची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे, आणि त्यासाठी उदाहरण आपल्याच राज्याच्या किनाऱ्याला लागलेले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले, तेव्हा न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचेही कामकाज ठप्प झाले आणि मालाच्या पेट्यांचा खोळंबा झाला. पुढे जे वृत्तान्त प्रसिद्ध झाले त्यांनुसार त्या कंपनीजवळ सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते. प्रत्येकाजवळ सर्वांची नोंदवही असल्यामुळे एक गेला तर बाकीचे आहेत, अशी त्यांची योजना होती. आणि ते सारे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो एकच, घानातला, आणि तोही कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे तर त्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे. त्याची डिस्क घेऊन घानाच्या कर्मचाऱ्याने इंग्लंडला जावे म्हटले तर कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एक जण नायजेरियापर्यंत आला, त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. इतक्या बलाढ्य कंपनीचा पुनर्जन्म एका विमानतळावरील हातोहात देवघेवीवर अवलंबून राहिला. कंट्रोलर जशी खरी नोंद एकमेकांस देतात तशी चुकीची नोंदही तत्परतेने देतात. एकाने पुसलेले नाव सर्वांकडून पुसले जाते. जोडीदार यंत्र हे यंत्र पडण्यावरचे औषध आहे, नोंदवही बिघडण्यावरचे नव्हे. त्यावर तारेपासून तोडून कपाटात ठेवलेला बॅकअपच लागतो.

आणि या बॅकअपलाही वय असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पुसलेल्या नावाची निशाणी नेहमीच्या मांडणीत १८० दिवस जपली जाते, आणि त्याहून जुना बॅकअप ती स्वीकारत नाही, कारण तो स्वीकारला तर काढून टाकलेली माणसे पुन्हा हजेरीपटावर उभी राहण्याचा धोका असतो. संस्थांमध्ये मात्र बॅकअप बहुधा वर्षातून एकदा, मार्चअखेरीस, लेखापरीक्षण येणार म्हणून घेतला जातो, त्यावर तारीख घातली जाते, संबंधितांची सही होते, आणि तो लोखंडी कपाटात जातो. लेखापरीक्षकाच्या रकान्यात ‘होय’ अशी खूण पडते. सप्टेंबर संपला की त्या कपाटातील वस्तूवरून डोमेन पुन्हा उभे करता येत नाही. तेव्हा स्टँडर्डच्या दोन परवान्यांनी वाचवलेल्या पैशातून पहिली खरेदी दोन बाह्य डिस्कांची करावी, एक आठवडा एक आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरी अशी त्यांची पाळी लावावी, घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा बाजूच्या यंत्रावर खरोखर उघडून पाहावा, आणि हे काम पुरवठादाराच्या करारात न घालता संस्थेच्याच एका नावानिशी नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत घालावे.